प्रेप स्कूल, बास्केटबॉल आणि सोळा कोर्सचा हिशोब: एनसीएए एलिजिबिलिटी कशी सांभाळायची

दरवर्षी एप्रिल-मे आला की मला दोन-तीन फोन येतातच. "दादा, पोराला कॉलेजची ऑफर आलीय, कोच खूश आहे, पण एलिजिबिलिटी सेंटरवर काहीतरी अडकलंय, काय करू?" आणि मी विचारतो की नववी कुठल्या वर्षी सुरू केली होती, तर समोरून पाच सेकंद शांतता. मग बाबा आईला विचारतात, आई म्हणते थांबा कपाटात बघते.

म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतोय. एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, आणि मुलगा तिथे खेळायला पात्र आहे की नाही ते तिचं एलिजिबिलिटी सेंटर ठरवतं. हे त्यांच्यासाठी आहे ज्यांचा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेतल्या बास्केटबॉलवाल्या प्रेप स्कूलमध्ये (कॉलेजची तयारी करून घेणारी शाळा) आहे किंवा जायच्या बेतात आहे, मग ते नागपूर-पुण्याहून निघणारे असोत नाहीतर इथेच न्यू जर्सी-टेक्सासमध्ये वाढलेले, आणि ज्यांना पुढे एनसीएए डिव्हिजन वन किंवा टू मध्ये (कॉलेज खेळांचे वरचे दोन स्तर) खेळायचंय. डिव्हिजन थ्रीचं वेगळं असतं, तिथे ॲडमिशनचे निकष कॉलेज स्वतः ठरवतं, त्यात मी पडत नाही.

सगळ्यात मोठी चूक एकच आहे, बाकीच्या सगळ्या तिच्यातूनच येतात. लोक आधी टीम बघतात, मग कोच, मग हॉस्टेल, मग शूज, आणि कोर्सचा हिशोब शेवटच्या वर्षी करायला घेतात. तो उलटा करायचा आहे.

## १. घड्याळ कधी सुरू झालं ते आधी कागदावर लिहा

एनसीएएचं घड्याळ मुलाने नववीत पहिलं पाऊल टाकलं त्या दिवशी सुरू होतं. नववी जगात कुठेही असो, अगदी कोल्हापुरातली मराठी माध्यमाची शाळा असली तरी चालू झालं म्हणजे झालं. तिथून चार वर्षं, म्हणजे आठ सेमिस्टर. एवढ्या वेळात कोअर कोर्स, म्हणजे एनसीएए धरतं ते सोळा मुख्य कोर्स, पूर्ण व्हायला हवेत आणि ग्रॅज्युएशनही व्हायला हवं (इथे ग्रॅज्युएशन म्हणजे हायस्कूल संपणं, डिग्री नाही).

आता उदाहरण. मुलगा जून २०२२ मध्ये नववीत गेला, मार्च २०२४ मध्ये दहावीची बोर्डाची परीक्षा दिली, ऑगस्टमध्ये अमेरिकेत प्रेप स्कूलला पोचला. त्याचं घड्याळ २०२६ च्या उन्हाळ्यात थांबतं. कोच म्हणाला, "उंची अजून वाढतेय, आपण याला रिक्लास करू, परत दहावीत बसवू, एक वर्ष जास्त मिळेल." ऐकायला भारी वाटतं, म्हणजे एक वर्ष जास्त ट्रेनिंग, एक वर्ष जास्त टुर्नामेंट्स, रिक्रूटर्स जास्त बघतील वगैरे. पण तो ग्रॅज्युएट होणार २०२७ ला, आणि एनसीएए डिव्हिजन वनसाठी कोर्स धरणार २०२६ पर्यंतचेच. शेवटच्या वर्षात त्याने जे काही ए ग्रेड आणले ते हिशोबात नाहीत. बास्केटबॉलला एक वर्ष मिळालं पण अभ्यासाचं एक वर्ष पाण्यात गेलं.

वेळेवर ग्रॅज्युएट झालेल्यांना एक छोटी सवलत असते: त्यानंतर एक, फक्त एकच, कोअर कोर्स युनिट जास्त करता येतं. पोस्टग्रॅज्युएट वर्ष, म्हणजे हायस्कूल संपल्यावर प्रेपमध्ये काढलेलं जादा वर्ष, म्हणून जे विकलं जातं त्याचा अभ्यासातला उपयोग डिव्हिजन वनपुरता एवढाच. डिव्हिजन टू इथे जरा मोकळं आहे, कॉलेज फुलटाइम सुरू व्हायच्या आधी केलेले कोअर कोर्स ते धरतात. पण जो वेळेवर ग्रॅज्युएटच झाला नाही, म्हणजे आपला वरचा रिक्लासवाला, त्याला डिव्हिजन वनची ही एका युनिटची सवलतही नाही. हे कोणी सांगत नाही.

इथे वाढलेल्या मुलांच्या पालकांसाठी: रिक्लास करायचंच असेल तर आठवीत करतात, नववी सुरू व्हायच्या आधी, कारण तोवर हे घड्याळ चालूच झालेलं नसतं. राज्याच्या वयाच्या अटी मात्र तेव्हाही लागतात. नववी सुरू झाल्यावर रिपीट म्हणजे वर म्हटलं तसंच.

तपासा: एका कागदावर तीन ओळी. नववी सुरू, महिना-वर्ष. चार वर्षं कधी संपतात, महिना-वर्ष. शाळा ग्रॅज्युएशन कधी म्हणतेय, महिना-वर्ष. दुसरी आणि तिसरी ओळ जुळत नसेल तर पुढचं काहीही वाचायच्या आधी शाळेच्या काउन्सेलरशी बोला. काउन्सेलर म्हणतोय मी, कोच नाही.

एक अपवाद आहे. मुलाचं शिकण्यावर परिणाम करणारी अक्षमता निदान झालेली असेल, डिस्लेक्सिया वगैरे, आणि तशी कागदपत्रं असतील, तर जास्त वेळाची मुभा मिळू शकते, त्यासाठी वेगळा अर्ज आहे. लपवू नका, आपल्याकडे लपवायची फार सवय आहे.

## २. ट्रान्सक्रिप्ट नेमकी कोण देणार ते शोधा

जर्सीवर एका अकॅडमीचं नाव, राहायचं दुसरीकडे, आणि वर्ग तिसऱ्याच शाळेचे किंवा ऑनलाइन. बास्केटबॉल प्रेपमध्ये ही रचना सर्रास असते आणि तिच्यात बेकायदा काही नाही. पण एनसीएएला जर्सीवरच्या नावाशी काही घेणं नसतं. ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे सगळ्या वर्षांच्या कोर्स-ग्रेडच्या अधिकृत निकालपत्राच्या, वर ज्या शाळेचं नाव छापलेलं असेल ती त्यांची शाळा.

तेव्हा पहिला प्रश्न: "ट्रान्सक्रिप्ट कुठल्या शाळेची मिळेल आणि त्या शाळेचा सहा आकडी कोड काय?" कोड मिळाला की एलिजिबिलिटी सेंटरच्या साइटवर त्या शाळेची मान्य कोर्सची लिस्ट उघडते, लॉगिन लागत नाही, कोणीही बघू शकतं. कोड द्यायला जी शाळा दोन आठवडे लावते तिच्याबद्दल तुम्हीच काय ते समजा.

लिस्ट उघडल्यावर दोन गोष्टी बघायच्या. एक, शाळेचं स्टेटस. क्लिअर्ड असेल तर ठीक. नॉट क्लिअर्ड असेल तर तिथले कोर्स धरले जाणार नाहीत, विषय संपला. मधलं एक स्टेटस असतं, एक्स्टेंडेड इव्हॅल्युएशन, म्हणजे एनसीएएला त्या शाळेबद्दल प्रश्न आहेत आणि तिथल्या मुलांचे जास्तीचे कागद मागवून तपासणी होते, वह्या-असाइनमेंट्ससुद्धा मागू शकतात. ते चालू शकतं, पण मग प्रत्येक होमवर्क जपून ठेवायची तयारी पाहिजे. दोन, मुलाला यावर्षी जे कोर्स दिलेत ते नाव-टू-नाव त्या लिस्टवर आहेत का. "इंग्लिश १०" लिस्टवर आहे आणि मुलाच्या टाइमटेबलवर "इंग्लिश १० एसेन्शियल्स" आहे, तर ते दोन वेगळे कोर्स आहेत.

थांबा: तीन वेगवेगळ्या मान्यता असतात आणि लोक त्या हमखास एकात एक घुसवतात. शाळा आय-२० देते म्हणजे ती परदेशी विद्यार्थी घेऊ शकते, एफ-१ व्हिसासाठी, एवढाच त्याचा अर्थ. शाळेला कॉग्निया वगैरेंचं ॲक्रेडिटेशन आहे म्हणजे ती शाळा म्हणून मान्य आहे. आणि एनसीएएची कोर्स लिस्ट हे तिसरंच. पहिल्या दोन असून तिसरी नसलेल्या शाळा असतात. व्हिसा मिळाला म्हणजे शाळा चांगलीच असणार, अमेरिकन सरकारने तपासली असेल ना, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येत नाही.

आणि शाळेचं नाव मोठं आहे, तिथून एक जण थेट एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, निवडला गेला, एवढ्यावर निवांत होऊ नका. पंजाबमधल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१० मध्ये फ्लोरिडातल्या आयएमजी अकॅडमीत गेला आणि २०१५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये ५२ वा निवडला गेला, कॉलेज न खेळता. त्याच्याकडे बघून पालक म्हणतात की कॉलेजची गरजच काय. अहो तो सात फुटांच्या वर आहे. आपल्या सहा फूट तीन इंचवाल्याचा रस्ता कॉलेजमधूनच जातो.

## ३. विमानात बसायच्या आधी महाराष्ट्रातले कागद

इथलेच असाल तर हा भाग सोडून द्या.

नववीपासूनच्या प्रत्येक वर्षाचा निकाल लागतो. दहावीची बोर्डाची मार्कशीट आणि सर्टिफिकेट सगळ्यांकडे असतं, लॅमिनेट करून ठेवलेलं. (लॅमिनेट करू नका, पण ते सोडा.) अडतं ते नववीच्या प्रगतिपुस्तकावर. ते शाळेने घरी दिलेलं, त्यावर आईची सही, कोपऱ्यात चहाचा डाग, आणि मराठी माध्यम असेल तर सगळं मराठीत. शाळेच्या लेटरहेडवर विषयवार गुण, वर्ष, मुख्याध्यापकांची सही-शिक्का असा निकाल मागून घ्या, दोन प्रती. मराठीत असेल तर मूळ कागदासोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं, भाषांतर काकांनी केलेलं चालत नाही. अकरावी महाराष्ट्रात केली असेल तर अकरावीचाही निकाल. ज्यांनी डमी ॲडमिशन घेऊन कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही त्यांनी अकरावीचा कागद आधी हातात घ्यावा आणि मग तिकीट काढावं.

मग नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं, आणि खाली आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर काही वेगळंच, एफ-१ च्या कागदांवर पासपोर्टप्रमाणे, आणि प्रेप स्कूलने फॉर्म भरताना वडिलांचं नाव मिडल नेम म्हणून टाकलं तर एका मुलाची तीन माणसं होतात. माझ्या ओळखीतल्या एकाच्या ट्रान्सक्रिप्टवर तर आडनावाच्या जागी वडिलांचं नाव आलं होतं, दोन महिने गेले त्यात. एलिजिबिलिटी सेंटरच्या अकाउंटवर पासपोर्टप्रमाणे नाव टाका आणि शाळेलाही तसंच करायला लावा, पहिल्याच आठवड्यात. स्पेलिंगसकट.

बारावी महाराष्ट्रात करून मग पोस्टग्रॅज्युएट वर्षासाठी जाणाऱ्यांनी हे नीट वाचा: तुमचं ग्रॅज्युएशन बारावीला झालेलं आहे. एचएससी कॉमर्सवाल्यांची इथे पंचाईत होते, कारण बुक-कीपिंग, ओसी, एसपी हे विषय कोअरमध्ये बसणारे नाहीत, इकॉनॉमिक्स सोशल सायन्समध्ये जाऊ शकतं, इंग्लिश आहे, मॅथ्स घेतलं असेल तर ते. म्हणजे दोन वर्षांत हाती लागणारे विषय फारच थोडे, आणि वरून एकच युनिट भरता येणार. दहावीला असताना मुलगा सिरियसली खेळत असेल तर अकरावीला विषय निवडताना हे डोक्यात ठेवा.

आणि टक्केवारीवरून जीपीए (ग्रेडच्या गुणांची सरासरी) घरी काढू नका. त्यांच्याकडे प्रत्येक देशाचं आणि बोर्डाचं आपलं कोष्टक असतं, ते तेच लावणार. गूगलवरचे कन्व्हर्टर काहीच्या काही आकडे देतात.

## ४. सोळा कोर्सचं टेबल बनवा

आता मुख्य काम. एक्सेल उघडा किंवा वहीत रेघा मारा. एकूण सोळा युनिट हवीत, एक युनिट म्हणजे वर्षभराचा एक कोर्स, एका सेमिस्टरचा अर्धा. डिव्हिजन वनची वाटणी अशी:

- इंग्लिश ४
- मॅथ्स ३, अल्जिब्रा वन किंवा त्याच्या वरचं
- नॅचरल किंवा फिजिकल सायन्स २, शाळेत लॅब असेल तर त्यातलं एक लॅबवालं
- इंग्लिश, मॅथ्स किंवा सायन्समधलं आणखी १
- सोशल सायन्स २
- वरच्यापैकी कुठलेही, किंवा परदेशी भाषा, तत्त्वज्ञान, धर्मांचा तौलनिक अभ्यास यातले ४

डिव्हिजन टूलाही सोळाच लागतात, वाटणी जरा वेगळी आहे, डिव्हिजन वनची जमली तर बहुतेक ती पण जमते.

टेबलात पाच रकाने: कोर्सचं नाव जसंच्या तसं, कुठल्या शाळेत, कधी, ग्रेड, लिस्टवर आहे का. शेवटच्या रकान्यात "असेल बहुतेक" लिहायचं नाही.

लोक कुठे फसतात ते सांगतो. प्री-अल्जिब्रा, कन्झ्युमर मॅथ, बिझनेस मॅथ हे मॅथ्स नाहीत, म्हणजे शाळेत आहेत पण इथे नाहीत. अल्जिब्रा वन दोन वर्षांत पसरवून शिकवलं तरी एकच युनिट. पीई, हेल्थ, वेट ट्रेनिंग, "स्पोर्ट्स लीडरशिप" काहीच नाही, आणि बास्केटबॉल शाळांच्या ट्रान्सक्रिप्टवर यांचीच गर्दी असते, क्रेडिट २४ दिसतात आणि कोअर मोजले की अकरा निघतात. नवीन आलेल्या परदेशी मुलांना इंग्लिशच्या जागी ईएसएल (इंग्लिश मातृभाषा नसलेल्यांसाठीचा कोर्स) देतात, ते चांगलंच आहे, गरज असते, पण सुरुवातीच्या पातळीचं ईएसएल इंग्लिश म्हणून धरत नाहीत. त्याचं इंग्लिशचं एक वर्ष तिथे गेलं हे तीन वर्षांनी कळतं. एकच विषय दोनदा केला तर एकदाच मोजतात, चांगला ग्रेड धरून.

जीपीए फक्त या सोळाचा काढतात. ए ला ४, बी ३, सी २, डी १. प्लस-मायनस धरत नाहीत, बी मायनस पण ३ आणि बी प्लस पण ३. डिव्हिजन वनला किमान २.३ आणि डिव्हिजन टूला २.२. एसएटी-एसीटीची अट जानेवारी २०२३ मध्ये काढून टाकली, त्यामुळे जुने लोक "एसएटी चांगली दिली की जीपीए कमी चालतो" म्हणून सांगतात ते आता चालत नाही. कॉलेज स्वतःच्या ॲडमिशनला किंवा स्कॉलरशिपला मागेल ते वेगळं.

## ५. दहा-सातचं कुलूप

हे डिव्हिजन वनचं आहे आणि इथेच सगळ्यात जास्त पोरं पडतात.

सातवं सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी, म्हणजे साधारण बारावीच्या पहिल्या दिवसाआधी, सोळापैकी दहा युनिट झालेली हवीत, आणि त्या दहातली सात इंग्लिश, मॅथ्स किंवा सायन्समधली हवीत. आणि त्या दहांच्या ग्रेडला कुलूप लागतं. नंतर तोच कोर्स परत करून ग्रेड सुधारला तरी डिव्हिजन वनच्या जीपीएत जुनाच राहतो.

आता आकडे मांडून बघा, तेव्हाच ते भिनतं. समजा कुलूप लागलं तेव्हा दहात दोन बी, सहा सी, दोन डी. गुण झाले ६ अधिक १२ अधिक २, वीस. दहाने भागलं की २.०. आता सोळाचा २.३ हवा म्हणजे एकूण ३६.८ गुण पाहिजेत, उरलेल्या सहा कोर्समधून १६.८. पाच बी आणि एक सी आणला तर १७ होतात, एकूण ३७, जीपीए २.३१, सुटला. चार बी आणि दोन सी आणले तर ३६, जीपीए २.२५, गेला. दोन वर्षं सी-डी आणणारा मुलगा, ज्याचा बारावीतला सीझन नोव्हेंबरला सुरू होतो आणि जो दर दोन आठवड्यांनी बसमध्ये किंवा विमानात असतो, तो शेवटच्या वर्षी सहापैकी पाच बी आणेल का हे तुम्हाला तुमच्या मुलाबद्दल माहिती असेल.

२.० ते २.३ च्या मधले अगदी बाहेर फेकले जात नाहीत, त्यांना ॲकॅडेमिक रेडशर्ट म्हणतात: स्कॉलरशिप मिळू शकते, पहिल्या टर्मला प्रॅक्टिस करता येते, पहिल्या वर्षी मॅच खेळता येत नाही. पण ऑफर देणारा कोच तेव्हा तुमच्यासाठी जागा अडवून ठेवेल का, तर आजकाल ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) तयार खेळाडू मिळत असताना, मला नाही वाटत.

तपासा: दहावी संपल्यावर आणि अकरावीचं पहिलं सेमिस्टर संपल्यावर टेबल भरून बघा. अकरावीच्या जानेवारीला दहातले सात होताना दिसत नसतील तर उन्हाळा शिल्लक आहे, समर स्कूलला टाका, एएयूच्या (शाळेबाहेरच्या क्लब बास्केटबॉलच्या) दोन टुर्नामेंट गेल्या तरी चालतील. बारावीच्या सप्टेंबरला काही करता येत नाही.

## ६. ऑनलाइन आणि क्रेडिट रिकव्हरी

माझ्या चुलत भावाचा मुलगा, नागपूरचा, एका प्रेप स्कूलला होता, शाळेचं नाव घेत नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याची ट्रान्सक्रिप्ट पसरून मी पिवळ्या हायलायटरने एकेक कोर्स टिक करत होतो. इंग्लिशच्या पुढे छोटीशी दोन अक्षरं, सी-आर. विचारलं काय आहे. म्हणाला, "काका ते ख्रिसमसच्या सुट्टीत केलं, नापास झालो होतो ना, कोचने लिंक दिली." प्रोव्हायडरचा कागद काढला तर सुरुवात १८ डिसेंबर, शेवट २९ डिसेंबर. वर्षभराचं इंग्लिश अकरा-बारा दिवसांत, क्विझवर क्विझ, शिक्षक नावाला पण नाही. ग्रेड बी. तो बी कोणी धरला नाही.

ऑनलाइन कोर्सला एनसीएएची मनाई नाही. पण अटी आहेत: शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात कोर्सभर संपर्क असला पाहिजे, शिकवणं, तपासणं, मदत करणं हे शिक्षकाने करायचं. कोर्सला ठरलेला कालावधी हवा. शाळेच्या मान्य लिस्टवर तो कोर्स हवा. क्रेडिट रिकव्हरीचा कोर्स, म्हणजे वरचं ते सी-आर, नापास विषय भरून काढायचा कोर्स, मूळ कोर्सइतकाच लांबीचा, तेवढ्याच अभ्यासाचा आणि तेवढाच कठीण असायला हवा. ख्रिसमसच्या सुट्टीत तो बसत नाही, कितीही हुशार मुलगा असला तरी.

म्हणून कुठलाही ऑनलाइन कोर्स घ्यायच्या आधी, आधी म्हणतोय, काउन्सेलरला ईमेल करा की हा कोर्स लिस्टवर आहे का, शिक्षकाचं नाव काय, किती आठवड्यांचा आहे, ट्रान्सक्रिप्टवर कुठल्या शाळेच्या नावाने येणार. उत्तर ईमेलनेच घ्या. व्हॉट्सॲप कॉलवर "डोन्ट वरी सर" असं उत्तर मिळालं तर ते उत्तर नाही. शिक्षकाशी झालेले मेल, दिलेल्या असाइनमेंट्स, लॉगिनच्या तारखा, सगळं एका फोल्डरमध्ये टाकत जा, उद्या एनसीएएने विचारलंच तर दाखवायला.

थांबा: लिंक कोचकडून आली, पैसे कोचने भरले, किंवा मुलाच्या लॉगिनवरून दुसऱ्या कोणी क्विझ सोडवल्या, यातलं काहीही झालं असेल तर ते नुसतं "कोर्स धरला नाही" इतक्यावर थांबत नाही. गैरव्यवहार म्हणून चौकशी होऊ शकते आणि मग चांगले केलेले कोर्सही संशयात येतात.

## ७. शाळा बदलताना

प्रेपमध्ये पोरं शाळा बदलतात, वर्षाला एक सुद्धा. प्रत्येक बदलात तीन गोष्टी हरवतात: अर्धा झालेला कोर्स, जुन्या शाळेची ट्रान्सक्रिप्ट, आणि एफ-१ वाल्यांची सेव्हिस ट्रान्सफर (परदेशी विद्यार्थ्याची सरकारी नोंद नव्या शाळेकडे वळवणं). तिसरी करूनच निघा, नाहीतर स्टेटस जातं आणि मग एलिजिबिलिटी हा दुय्यम प्रश्न होतो.

सेमिस्टरच्या मधे सोडू नका. नवीन शाळा जुन्या शाळेचे ग्रेड स्वतःच्या ट्रान्सक्रिप्टवर लिहून देते त्यावर विसंबून राहू नका, एलिजिबिलिटी सेंटरला प्रत्येक शाळेची स्वतःची ट्रान्सक्रिप्ट लागते. फी थकली म्हणून शाळा ट्रान्सक्रिप्ट अडवून धरते असंही होतं, तेव्हा हिशोब मिटवून आणि कागद पाठवला गेल्याची खात्री करूनच निघायचं. आणि या धंद्यात शाळा बंद पण पडतात, नावाजलेल्या सुद्धा. नेवाडातलं फिंडले प्रेप, जिथून एनबीएचे खेळाडू निघाले, ते २०१९ मध्ये बंद झालं. दर सेमिस्टरला एक ऑफिशियल प्रत मागून घरी ठेवा.

## ८. अकाउंट आणि शेवटचं वर्ष

एलिजिबिलिटी सेंटरवर नववी-दहावीत मोफत प्रोफाइल पेज काढून ठेवता येतं. पण डिव्हिजन वन-टूसाठी फी भरून सर्टिफिकेशन अकाउंट लागतं, ते अकरावीत काढा. शिकलेली एकही शाळा वगळू नका, तीन महिने शिकलेली सुद्धा. अकाउंटमध्ये टास्क लिस्ट येते, कुठला कागद कोणी कसा पाठवायचा ते तिथे असतं, ती आठवड्याला एकदा उघडून बघा. अमेरिकन शाळेची ट्रान्सक्रिप्ट शाळेनेच पाठवायची, तुम्ही स्कॅन करून ईमेल केलेली धरत नाहीत.

शेवटच्या वर्षाचा क्रम असा ठेवा:

१. अकरावी संपताच सहा सेमिस्टरची ट्रान्सक्रिप्ट शाळेला पाठवायला सांगा. जे काय चुकलंय ते इथे दिसतं आणि अजून वेळ असतो.

२. बारावीचं टाइमटेबल कोचला दाखवायच्या आधी तुमच्या सोळाच्या टेबलाशी जुळवा.

३. कॉलेज नक्की झालं की त्यांच्या कंप्लायन्स ऑफिसला (एनसीएएचे नियम सांभाळणारं ऑफिस) विचारा की तुम्ही मुलाला तुमच्या इन्स्टिट्यूशनल रिक्वेस्ट लिस्टवर टाकलंय का. हे झालं नाही तर फाइल शेवटच्या निर्णयापर्यंत जातच नाही, आणि पालक बसलेत वाट बघत.

४. ऑगस्ट-सप्टेंबरला कॉलेजला जाणाऱ्यांनी १ एप्रिलपासून अकाउंटमध्ये फायनल ॲमॅच्युरिझमची (खेळाडू व्यावसायिक नाही या तपासणीची) विनंती टाकायची. एक बटण आहे, विसरतात.

५. ग्रॅज्युएशन झालं की फायनल ट्रान्सक्रिप्ट, ग्रॅज्युएशनच्या तारखेसकट. शाळेचं ऑफिस जूनमध्ये बंद होतं, त्याआधी. रजिस्ट्रारचा वैयक्तिक ईमेल मे महिन्यातच घेऊन ठेवा, मी एकदा जुलैत एका शाळेच्या व्हॉइसमेलला अकरा मेसेज ठेवलेत.

## ९. अडकलंच तर

आधी नेमकं काय कमी आहे ते लेखी मागा. कागद कमी, कोर्स कमी, की ग्रेड कमी, या तिघांचे रस्ते वेगळे आहेत. कागद कमी असेल तर धावपळ, नववीचा निकाल कुरियर करा, बोर्डाची मार्कशीट हरवली असेल तर विभागीय मंडळातून दुय्यम प्रत. वेळेवर ग्रॅज्युएट झालाय आणि एकच युनिट कमी आहे तर ते वरचं एक युनिट, लिस्टवर असलेल्या कोर्समधून, घाई न करता. ग्रेड कमी असतील तर कॉलेज त्याच्या बाजूने वेव्हरचा (नियमातून सूट मागायचा) अर्ज करू शकतं, तो कॉलेजने करायचा असतो, तुम्ही नाही.

आणि शेवटचा रस्ता ज्युनियर कॉलेज, म्हणजे इथलं दोन वर्षांचं कॉलेज, ज्युको, आपलं अकरावी-बारावीवालं नाही. त्याचं नाव काढलं की पालकांचा चेहरा पडतो. माझ्या पुतण्याने शेवटी तेच केलं. कॅन्ससमध्ये होता, आजूबाजूला मक्याची शेतं, पहिल्याच सेमिस्टरला त्याला परत इंग्लिश कंपोझिशन घ्यावं लागलं, पूर्ण सोळा आठवडे, दर शुक्रवारी एक निबंध. पहिला निबंध त्याने मला व्हॉट्सॲपवर पाठवला होता, तपासून द्या काका म्हणून. मी म्हटलं तुझ्या बाईंना दाखव.